डेंग्यूची भीती मोजायची कशी? (भाचीच्या प्रश्नावलीत अडकलेय)

दुधनाकाठ

मंडळी, नमस्कार. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

आमचं तालुक्याचं गाव, परभणी जिल्ह्यातलं. पोळ्यापासून गल्लीत तापाचं सुरू आहे. पलीकडच्या बोळातलं सहावीतलं एक पोरगं दवाखान्यात आहे. ज्यांना त्याचं नाव माहीत नाही त्यांनाही त्याच्या पेशी माहीत आहेत. सकाळी ४२ हजार, संध्याकाळी ३१ हजार. दूधवाला सांगतो, भाजीवाली विचारते.

माझी भाची संभाजीनगरला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिचा प्रकल्प आहे, डासांमुळे होणाऱ्या आजाराच्या साथीत लोकांना किती चिंता वाटते ते मोजायचं. तिने कोरोनाच्या वेळी, २०२० साली तयार झालेली सात वाक्यांची एक इंग्रजी मोजपट्टी घेतली, कोरोना खोडून डेंग्यू लिहिलं आणि म्हणाली, मावशी, याचं मराठी कर आणि दहा-बारा घरी विचारून बघ. मी शाळेत मराठीच शिकवते, म्हटलं अर्ध्या तासाचं काम. चार दिवस झाले.

पहिलाच अडथळा शब्दाचा. "तुम्हाला डेंग्यूची काळजी वाटते का?" असं शेजारच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घेतोय ना काळजी, रोज कॉइल लावतोय." काळजी वाटणं आणि काळजी घेणं यांत त्यांना फरकच दिसेना. चिंता म्हटलं तर "आता कशाची चिंता, पोरीचं जमलं की" असं उत्तर आलं. भीती वाटते का म्हटलं की पुरुष माणसं "छ्या!" म्हणून मोकळी. धास्ती, धसका, घोर, धाकधूक, प्रत्येकाची वजनं वेगळी. कुठला घेऊ?

दुसरं, पर्याय. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. 'तटस्थ'चा अर्थ मला तीन वेळा समजावून सांगावा लागला आणि तिसऱ्या वेळी मलाच हसू आलं.

तिसरं, त्यात एक वाक्य आहे: आजाराचा विचार आला की माझ्या हातांना घाम सुटतो. भाद्रपदाचा उकाडा, वर दुपारी लाइट गेलेली. घाम कुणाला सुटत नाही?

कुणी असलं काम केलंय का?

---

आकडेमोड

ताई, धागा आवडीचा आहे. मूळचा लातूरचा, सध्या पुण्यात, पोटासाठी आकडे.

नुसता शब्द बदलून मोजपट्टी तयार होत नाही, हे भाचीला आधी सांगा. तुम्ही केलेलं मराठी मूळ इंग्रजी न पाहिलेल्या एखाद्या माणसाला द्या आणि पुन्हा इंग्रजी करायला सांगा. 'काळजी'चं परत येताना 'टेक केअर' झालं तर घोळ कुठे आहे ते लगेच कळेल. एवढं एक काम केलं तरी पुढची निम्मी डोकेदुखी जाते.

दुसरं, भाचीला तिचे सर बहुधा जीएडी-७ वापर म्हणतील. त्यातही सातच प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज २१ पर्यंत. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. मोजपट्टी चांगलीच आहे, पण ती मोजते एकूण चिंता. मराठवाड्यात सप्टेंबरात कुणाही शेतकऱ्याला ती लावली तर १० च्या वर सहज जाईल. सोयाबीनला शेंगा लागल्यात, पाऊस गायब आहे, झोप लागत नाही. यात डेंग्यूचा वाटा किती हे ती सांगणार नाही, तो तिचा विषयच नाही.

म्हणून आजाराचं नाव घेऊन विचारावं लागतं. आणि तेही दोन वेगळ्या बाजूंनी: मला होईल असं किती वाटतं, आणि झाला तर किती वाईट होईल असं वाटतं. लोकांच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या असतात. हाताला घाम ही तिसरीच गोष्ट.

---

साडेतीन_गुंठे

भीती मोजून काय लोणचं घालायचंय का? नाली मोजा. आमच्या घरासमोरची तीन वर्षं तुंबलेली आहे. नगरपालिकेत अर्ज देऊन थकलो.

---

रात्रपाळी

@साडेतीन_गुंठे, तुमचा राग बरोबर आहे, नालीचा पत्ता चुकलाय. नालीतल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंग्यूचा एडिस इजिप्ती स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. तुमच्या मोरीतला हौद, कूलरची टाकी, गच्चीवरचा टायर, कुंडीखालची बशी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तो चावतो दिवसा, आणि आपण कॉइल लावतो रात्री.

दुधनाकाठ, तुमच्या वहिनींचं उत्तर म्हणूनच मला महत्त्वाचं वाटलं.

मी ग्रामीण रुग्णालयात आहे. भीती कधी मोजता यावर खूप काही अवलंबून आहे, हे भाचीला जरूर सांगा. डेंग्यूत ताप चढलेला असतो तेव्हा घरचे घाबरलेले असतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि डिस्चार्ज मागतात. ज्यांचा आजार गंभीर व्हायचा असतो त्यांचा नेमका तेव्हाच होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. ते २४ ते ४८ तास जपायचे असतात. म्हणजे घरच्यांची भीती खाली येते त्याच वेळी धोका वर जातो. मी पाहिलंय, ताप उतरल्याचे पेढे वाटलेत आणि रात्री लेकरू मलूल होऊन परत आलंय.

पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, अंगदुखीची इंजेक्शनं नकोत.

---

कन्हेर

वाचतेय. आमच्याकडे (हिंगोली) पण तेच. पेशी.

@रात्रपाळी, ३१ हजार म्हणजे खूपच कमी ना हो? पोराच्या आईला काय सांगायचं?

---

रात्रपाळी

सामान्य माणसाच्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या पडतात आणि बहुतेकांच्या आपोआप वर येतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज पडत नाही. आम्ही लक्ष ठेवतो ते हिमॅटोक्रिटवर (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा), नाडीवर, लघवीवर. पण मी सकाळी राऊंडला "हिमॅटोक्रिट स्थिर आहे" म्हटलं की नातेवाईक म्हणतात, "ते असू द्या सर, पेशी किती?" कित्येक जण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेतच, पण आता मी दुरुस्त करणं सोडलंय.

आईला सांगा, आकडा विचारण्यापेक्षा लेकरू पाणी पितंय का, लघवीला जातंय का ते बघ.

---

गोळी_औषध

नांदेड जिल्ह्यात मेडिकल आहे माझं. प्रश्नावलीची काय गरज आहे? माझ्या काउंटरला उभं राहा आठ दिवस.

एरवी आमच्या गावात किवी कोण खातंय? साथ आली की फळवाला किवी आणतो, ड्रॅगन फ्रूट आणतो आणि संध्याकाळपर्यंत संपवतो. पपईच्या पानांच्या गोळ्या मी एक बॉक्स ठेवायचो, आता चार ठेवतो. शेळीच्या दुधाचं तर विचारूच नका, शेळीवाल्यांना पण पोळा साजरा करता येतो मग. लोक भीती तोंडानं सांगत नाहीत, पाकिटानं सांगतात.

आणि हो, ओडोमॉस मागणारं गिऱ्हाईक वेगळं, पपईच्या गोळ्या मागणारं वेगळं. पहिलं अजून आजारी पडलेलं नसतंय. दुसऱ्याच्या घरी माणूस पडलेला असतोय.

---

आकडेमोड

@गोळी_औषध, हे शेवटचं वाक्य भाचीच्या प्रबंधात जाण्याच्या लायकीचं आहे. थट्टा करत नाही. न विचारता मोजणं हा खरोखरच एक मार्ग आहे, आणि त्यात माणूस चांगलं दिसावं म्हणून उत्तर देत नाही. अडचण एवढीच की ज्याच्याकडे किवीला पैसे नाहीत त्याची भीती तुमच्या काउंटरवर दिसत नाही.

---

बालाघाट

उशिरा आलो. वय झालंय, टायपायला वेळ लागतो.

न विचारता मोजलेली भीती मी डोळ्यांनी पाहिली आहे. १९९४. मी बीडला नोकरीला होतो. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता, सगळा मराठवाडा त्यातून अजून बाहेर आला नव्हता. तेवढ्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाल्याची बातमी आली. प्लेग हा शब्द आमच्या आजीच्या गोष्टीतला. गाव सोडून रानात झोपड्या करून राहायचे त्या काळातला. ऑफिसातले लोक पिसू आणि उंदीर सोडून दुसरं बोलेनात. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत न्यूमोनिक, म्हणजे फुप्फुसांचा प्लेग आला आणि तिथून लाखोंनी माणसं पळाली. सुरतेत मेले पन्नासच्या वर. पळाले ते लाखांत.

आमच्याकडे प्लेगवरचं टेट्रासायक्लिन मिळेना. ज्याला काही झालं नव्हतं तोही गोळ्या खिशात घेऊन फिरायचा. माझ्याही खिशात होत्या, खोटं कशाला बोलू. आमच्या साहेबांनी तोंडाला रुमाल बांधून सह्या केल्या.

आता गंमत बघा. २००६ ला चिकुनगुन्या आला. देशभर १३ लाखांहून जास्त संशयित. आमच्या घरात चौघं आडवे, मी संडासला भिंत धरून जायचो, हाताची मूठ वळायची नाही. वर्षभर सांधे धरलेले. त्याच्या आधी १९७३ ला शेजारच्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती, तरी आम्हाला नाव नवीन. पण त्या वेळी कुणी गाव सोडलं नाही, कुणी रुमाल बांधला नाही. सगळे लंगडत एकमेकांना हसत होते. मोठं दुखणं होतं हो, भीती मात्र छोटी. प्लेगाने आमच्या गल्लीत एकालाही शिवलं नाही आणि भीतीने झोप उडवली.

मॅडम, तुमची पट्टी हे कसं मोजणार?

---

आकडेमोड

बालाघाटकाका, दंडवत.

यावर अभ्यास झालेला आहे. पॉल स्लोविक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली मांडलं होतं की लोकांना धोका किती मोठा वाटतो हे मृतांच्या आकड्यावर ठरत नाही. तो किती अनोळखी आहे आणि त्याची किती दहशत वाटते यावर ठरतं. प्लेग दोन्हीत पहिला. चिकुनगुन्या अनोळखी होता, पण गल्लीतला प्रत्येक जण लंगडत होता आणि कुणी मरत नव्हतं, त्यामुळे दहशत बसली नाही. डेंग्यू आता जवळजवळ घरातला झालाय. "ताप काय, दरवर्षी येतोच."

---

पायपीट

मी आशा कार्यकर्ती आहे. नाव-गाव सांगत नाही. मोबाइलवर लिहिते, चुका पोटात घाला.

आम्ही अळ्या मोजतो. १०० घरं बघितली आणि १२ घरांत अळ्या निघाल्या तर घर निर्देशांक १२. त्या १०० घरांत मिळून १८ भांड्यांत अळ्या निघाल्या तर ब्रेटो निर्देशांक १८. हे सोपं आहे, अळी एक तर असते नाही तर नसते. टॉर्च मारली की खाली पळते वळवळत.

भीतीचं मला विचाराल तर ज्या घरात सगळ्यात जास्त भीती असते त्या घरात अळ्या नसतीलच असं काही नाही. मी जाते, म्हणते ताई हे टिपाड रिकामं करा, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. बाई रडकुंडीला येते. तिचा पोरगा मागच्या महिन्यात ॲडमिट होता, भीतीनं अर्धी झालेली. पण नळ येतो आठव्या-नवव्या दिवशी. २०० लिटरचं टिपाड ओतून दिलं तर पुढचे पाच दिवस ती काय करील? टँकर घ्यायला पैसे कोण देतं? औषध टाकते म्हटलं तर पाण्याला वास मारतो म्हणून टाकू देत नाही. कापड बांधा म्हटलं तर बांधते, पण दिवसातून दहा वेळा तांब्या बुडवायला सोडावं लागतं.

लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलं होतं मिरजेहून, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ते पाणी लोकांनी कशात भरून ठेवलं असेल ते कुणी दाखवलं नाही.

आणि टिपाड नुसतं रिकामं करून चालत नाही. आतून घासायला लागतं. अंडी कडेला चिकटलेली असतात, वाळली तरी महिनोन्महिने जगतात, पाणी आलं की फुटतात.

---

साडेतीन_गुंठे

@रात्रपाळी @पायपीट, बरं, नाली मागे घेतो. हौदात बघितलं आत्ता. आहेत. लई आहेत. काय करू?

---

पायपीट

दादा हौद मोठा आणि रिकामा होण्यासारखा नसेल तर गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात मिळतात, फुकट. बादली घेऊन जा.

---

कन्हेर

धुराची गाडी येऊन गेली आमच्याकडे काल. सगळी गल्ली निवांत झोपली. उपयोग असतो का?

---

रात्रपाळी

उडणारे काही डास मरतात, तेही धूर असेपर्यंत. पाण्यातल्या अळ्यांना ढिम्म काही होत नाही. दोन-चार दिवसांत नवे डास तयार. पण निवांत झोप लागते हे खरं आहे. भाचीने धुराच्या गाडीच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हे केला तर गल्ली एकदम धीराची निघेल.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. पोरगं घरी आलं. (९० हजार. हो, विचारलं मी पण.)

तुमचं वाचून मी घाम आणि तटस्थ दोन्ही काढून टाकलं. उलटं वाक्य पण काढलं, "मला डेंग्यूची भीती वाटत नाही" असलं. त्यावर एक आजोबा म्हणाले "हो". मी विचारलं, हो म्हणजे वाटते? तर म्हणाले, "हो, नाही वाटत." नंतर म्हणाले, "तुम्ही लिहा काय लिहायचं ते." सरकारी कागद समजून सगळ्यालाच हो म्हणणारे निराळे.

शब्द मी शेवटी 'घोर' घेतला. "डेंग्यूचा घोर लागलाय का?" हे कुणालाही समजवावं लागलं नाही. बायकांनाही नाही, पुरुषांनाही. घोर लागणं पुरुषांना कमीपणाचं वाटत नाही असं दिसतंय.

पर्यायांच्या जागी ज्वारीचे दाणे. ही माझी अक्कल नव्हे, खेड्यात अशा पद्धतीने खडे-बिया मांडून विचारतात हे भाचीच्याच पुस्तकात होतं. दहा दाणे हातात द्यायचे आणि समोर वाट्या. आधी मी एकच वाटी ठेवली होती. घोर जेवढा, तेवढे दाणे टाका. पायपीटताईंचं वाचून तीन केल्या: आजाराचा घोर, दवाखान्याच्या खर्चाचा घोर, पाण्याचा घोर.

काल संध्याकाळी वरच्या आळीतल्या एका आजींकडे गेले. सत्तरीच्या पुढच्या. ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. दाणे हातावर घेऊन आधी फुंकर मारली, एक किडका निघाला तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो नको, दुसरा द्या." मी दिला. मग आजाराच्या वाटीत एक टाकला. खर्चाच्या वाटीत चार, एकेक करून, प्रत्येकाला काहीतरी पुटपुटत. नातवाच्या वेळी एका खाजगी दवाखान्यात बिल भरायला सुनेची बोरमाळ गेली, ते पुटपुटणं होतं. उरलेले पाच पाण्याच्या वाटीत एकदम ओतले.

मी आकडे लिहून घेतले, १-४-५. वही मिटणार तेवढ्यात बोळातून कुणीतरी ओरडलं, "नळ आलेऽऽ". सून घागरी घेऊन पळाली. आजींनी पाण्याच्या वाटीतले तीन दाणे उचलले आणि आजाराच्या वाटीत टाकले. म्हणाल्या, "आता लिहा."

४-४-२. आता मी यातलं कुठलं खरं धरू?

---

बालाघाट

दोन्ही.

---

आकडेमोड

काका म्हणतात तेच. एरवी मी सांगितलं असतं की तीच माणसं पंधरा दिवसांनी पुन्हा विचारून बघा, उत्तर जुळलं तर मोजपट्टी भरवशाची. इथे पंधरा मिनिटांत बदललं, आणि पट्टी बिघडली म्हणून नव्हे. घोर तेवढाच राहिला, दहाचे दहा दाणे. फक्त वाटी बदलली. पाण्याचा घोर सुटल्यावर आजाराला जागा मिळाली.

ताई, बाकीच्या घरांत विचारलंत त्या दिवशी नळ येऊन किती दिवस झाले होते, हे लिहिलंय का?

---

दुधनाकाठ

नाही ना. भाचीच्या तक्त्यात वय आहे, शिक्षण आहे, घरात रुग्ण होता का आहे. नळाचा वार नाही.

आत्ता फोन केला तिला. म्हणाली, मावशी, असा रकाना कुठल्याच प्रश्नावलीत नसतो. मी म्हटलं, मग घाल. पण झालेल्या घरांचं काय करू? कुणाकडे कधी गेले ते आठवतंय, कुठल्या आळीला कधी नळ होते ते कुठून आणू?

---

पायपीट

ताई, तुमच्या वॉर्डात पण तुमची आशा असंल. तिला विचारा. आम्हाला सगळ्या आळ्यांचे नळाचे वार तोंडपाठ असतात, त्याच्यावरच आमची घरं ठरतात. नळाच्या दिवशी कोणी दार उघडत नाही.